हाताने पॉलिश केलेल्या गडद गाडीवरचा धुरकटपणा कसा घालवावा

चवथीच्या आधी गाडी लखलखीत करायची, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. काही वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजारातून रबिंग कंपाउंडचा एक डबा आणून, जुन्या बनियनच्या फडक्याने मी माझ्या काळ्या गाडीचे बॉनेट सलग दोन तास घोटले. काम संपले तेव्हा अंगणातल्या सावलीत त्या बॉनेटमध्ये माडाच्या झावळ्या मोजता येतील इतके स्वच्छ प्रतिबिंब दिसत होते आणि मी स्वतःवर भलताच खूष होतो. दुसऱ्या दिवशी पणजीत मांडवीच्या काठी गाडी उभी करून कामाला गेलो. दुपारी परतलो तेव्हा उन्हात तेच बॉनेट चुलीतली राख भुरभुरल्यासारखे करडे दिसत होते. रुमालाने पुसून पाहिले, तर राख जागची हलेना.

त्यानंतर मी तेच केले जे बहुतेक जण करतात, म्हणजे वरून वॅक्स लावले. दोन दिवस बरे दिसले आणि पावसाच्या चार सरी पडताच धुरकटपणा परत आला. पुन्हा वॅक्स, पुन्हा पाऊस, असे तीनदा झाल्यावर गाड्या रंगवण्यात हयात गेलेल्या एका पेंटरला गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवले, ते बोट माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, “बाब, आता आणखी काही लावू नका. आधी जे लावलंय ते काढा, मग खाली काय आहे ते बघू.” पुढचा सगळा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे. काळी, गडद निळी, गडद लाल किंवा गडद हिरवी गाडी घरी हाताने पॉलिश करून जे फसले आहेत, आणि ज्यांच्याकडे पॉलिशिंगचे यंत्र नाही, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

धुरकटपणा म्हणजे नेमके काय

हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट, अशा क्रमाने थर असतात. चमक असते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती पातळ वस्तूवर जोर काढत आहोत, हे कळते.

हा थर गुळगुळीत असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला आरशासारखे प्रतिबिंब दिसते. त्यावर हजारो सूक्ष्म चरे पडले की प्रकाश चहूकडे विखुरतो. पांढऱ्या किंवा रुपेरी गाडीवर हा विखुरलेला प्रकाश रंगात मिसळून जातो आणि नजरेला कळत नाही. काळ्या रंगात मात्र उरलेला सगळा प्रकाश शोषला जात असल्यामुळे तेवढाच विखुरलेला प्रकाश करडा होऊन उठून दिसतो. त्यामुळे ज्या फडक्याने आणि ज्या कंपाउंडने शेजाऱ्यांची पांढरी गाडी उत्तम निघाली, त्यांनीच आपली काळी गाडी बिघडते. यात शेजाऱ्यांनी काही लपवलेले नसते.

गॅरेजमध्ये वापरले जाणारे रबिंग कंपाउंड मुळात वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक सॅंडपेपरचे, चरे काढण्यासाठी आणि यंत्रावर चालवण्यासाठी केलेले असते. त्यातल्या अनेक प्रकारांतील घर्षणकण यंत्राच्या वेगाने आणि दाबाने फुटत फुटत बारीक होतात. हाताला तो वेग नसतो. कण अर्धवट भरडच राहतात आणि जुने चरे काढता काढता स्वतःचे नवे चरे मागे ठेवतात.

लागणारे साहित्य

- सौम्य कार शॅम्पू. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको.
- दोन बादल्या आणि मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा.
- निदान आठ स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, मऊ आणि लांब लवेची. शक्यतो कडेला शिलाई नसलेली.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे सामान विकणाऱ्यांकडे किंवा रसायनांच्या दुकानात मिळते.
- डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालायचे पाणी म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. मात्र बाटलीत पाणीच आहे, बॅटरीचे ॲसिड नाही, हे लेबल वाचून पक्के करावे.
- फवारणीची बाटली.
- मऊ फोमचे हाताने धरायचे ॲप्लिकेटर, तीन किंवा चार.
- फिनिशिंग पॉलिश.
- रंगकामाची चिकटपट्टी, म्हणजे मास्किंग टेप.
- क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटून बसलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, लागलाच तर.
- चांगल्या प्रतीचे वॅक्स किंवा सिलंट.
- पांढऱ्या प्रकाशाची एलईडी बॅटरी. मोबाइलचा टॉर्चही चालतो.
- नायट्राइलचे हातमोजे.

यातल्या फिनिशिंग पॉलिशबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नवख्यांचे पैसे इथेच वाया जातात. ३एम, मेग्वायर्स, मेंझेर्ना यांसारख्या कंपन्या भरड ते अतिबारीक अशा अनेक प्रतींची पॉलिशे विकतात आणि दुकानदार समोर असेल तो डबा हातात देतो. डब्यावर ‘कंपाउंड’ असेल तर ते भरड, ‘फिनिशिंग पॉलिश’ असेल तर ते बारीक. ‘ग्लेझ’ असेल तर ते चरे काढण्याऐवजी त्यांत तेल व भराव घालून तात्पुरते लपवते. ‘क्लीनर वॅक्स’ हे सौम्य पॉलिश आणि वॅक्स यांचे मिश्रण असते. आपल्याला फक्त फिनिशिंग पॉलिश हवे आहे. एक छोटी बाटली पुरते. पूर्ण गाडी करूनही माझी अर्धी बाटली उरली.

बनियन, जुनी साडी, गॅरेजमधले कॉटन वेस्ट आणि खिडकी पुसायचा वर्तमानपत्राचा बोळा या चारही गोष्टी गडद रंगापासून दूर ठेवाव्यात.

१. गाडी धुवा, आणि वाळवतानाही घासू नका

आपल्याकडच्या धुळीत जांभ्याची लाल पूड असते. अंगणातल्या चिऱ्यांची, रस्त्याकडेच्या भरावाची, डिचोली-साखळीकडून येत असाल तर खनिजाच्या ट्रकांचीही. हात लावला तर ती पिठासारखी वाटते, पण तिच्यातले बारीक खडे रंगावर ओढले गेले की चरा पडतोच. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर त्यात मिठाची भर पडते. म्हणून प्रथम नुसते पाणी सोडून जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊ द्यावी आणि मगच शॅम्पूचा हातमोजा लावावा. एका बादलीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक भागानंतर हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत बुडवावा. वरून खाली या क्रमाने, म्हणजे टप, काचा, बॉनेट, डिकी, दारे आणि शेवटी खालचे पत्रे.

विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी गाडीवर वाळू दिले तर क्षारांचे गोल डाग उरतात आणि ते धुरकटपणात मिसळून निदान चुकवतात. शेवटचे पाणी नळाचे घ्यावे आणि लगेच टिपावे. फडके पत्र्यावर पसरून अलगद आपल्याकडे ओढायचे; रगडायचे नाही.

हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे. एप्रिलच्या दुपारी काळा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो आणि त्यावर टाकलेली प्रत्येक वस्तू वाळून चिकटते. पत्र्यावर तळहात निवांत ठेवता आला तरच पुढे जावे.

२. आधी लावलेले सगळे उतरवा

एक लिटरच्या फवारणीच्या बाटलीत १५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ८५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या. एवढे पातळ मिश्रण पुरेसे आहे. अल्कोहोल निर्भेळ वापरले तर ते क्लिअर कोट तात्पुरता मऊ करू शकते आणि पुसतानाच नवे चरे पडतात. हे रसायन ज्वालाग्राही आहे. गॅरेजचे दार उघडे ठेवावे, जवळ समई, अगरबत्ती, सिगारेट काही नको.

एका हाताच्या अंतरावरून फवारा, काही क्षण थांबा, मऊ फडक्याने एकाच दिशेने पुसा आणि फडक्याची बाजू बदला. संपूर्ण भाग दोनदा पुसावा. मग त्यावर थोडे पाणी शिंपडून पाहा. पाण्याचे टपोरे, गोल थेंब उभे राहिले तर वॅक्स अजून शिल्लक आहे; पाणी पसरट होऊन सावकाश ओघळले तर बरेचसे निघाले आहे. वॅक्सचे जाड थर चढवलेले असतील, जसे माझे होते, तर डांबर काढण्याचे द्रव, म्हणजे टार रिमूव्हर, लावून ते उतरवावे, भाग पुन्हा शॅम्पूने धुवावा आणि मग अल्कोहोलचे मिश्रण वापरावे.

सॅनिटायझर चालेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते स्वतःच तेलकट थर सोडते. एका स्नेह्याने तर घरात चांगली काजूची फेणी असताना बाहेरचे अल्कोहोल कशाला, असा प्रश्न केला होता. फेणीत निम्म्याहून अधिक पाणी असते आणि उरलेल्यात नुसते अल्कोहोल नसते. शिवाय ती बॉनेटवर ओतलेली पाहून आमचे वडीलधारे घरात घेणार नाहीत.

इशारा: गाडीचा एखादा भाग अलीकडेच बाहेर रंगवून घेतला असेल तर आधी आडजागी, उदाहरणार्थ दाराच्या आतल्या कडेला, थोडेसे मिश्रण लावून पाहा. काही छोट्या गॅरेजमध्ये अजूनही एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, पद्धतीचा रंग वापरतात आणि तो अल्कोहोलने विरघळू लागतो. नुकताच रंगवलेला भाग निदान दोन-तीन महिने तसाच राहू द्यावा.

३. धुरकटपणा कोणता आहे ते ओळखा

घाईत हीच पायरी गाळली जाते. आता रंगावर काहीही नाही, म्हणून जे दिसते ते खरे आहे. गाडी सावलीत ठेवून पत्र्यापासून हातभर अंतरावर बॅटरी तिरकी धरा आणि प्रकाशाच्या ठिपक्याभोवती काय दिसते ते पाहा. ट्यूबलाइटच्या उजेडात हे कळत नाही. ट्यूबलाइट सगळ्यांनाच गोरे करते.

अल्कोहोलने पुसताच धुरकटपणा गेला आणि ठिपका स्वच्छ, टोकदार दिसू लागला, तर दोष रंगात नव्हताच. तो वाळलेल्या पॉलिशचा किंवा नीट न पुसलेल्या वॅक्सचा पापुद्रा होता. अशा वाचकांनी थेट नवव्या पायरीवर जावे आणि यावेळी वॅक्स कमी लावावे.

ठिपक्याभोवती करडे वलय तसेच राहिले आणि नीट पाहिल्यावर त्यात बारीक रेषा दिसू लागल्या, तर ते कंपाउंडचे आणि फडक्याचे चरे आहेत. माझ्या बॉनेटवर टॉर्च धरला तेव्हा दिसलेली आकृती मी विसरलेलो नाही. चार समांतर पट्टे, मध्ये किंचित चमकदार फटी, पुन्हा चार पट्टे. हात त्यावर ठेवला तर पट्ट्यांची रुंदी माझ्या चार बोटांशी तंतोतंत जुळली. फडक्यामागून बोटांच्या टोकांनी जिथे जोर दिला तिथे रंग जास्त घासला गेला होता आणि दोन बोटांमधल्या जागेत कमी. दोन तास मी बॉनेटवर माझ्या हाताचा ठसा उमटवत होतो. हा प्रकार हाताने दुरुस्त होतो आणि पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यासाठीच आहेत.

पुसताना फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर वर क्लिअर कोट नाही. जुन्या गाड्यांत आणि बाहेर रंगवलेल्या काही भागांत असे असते. तिथेही बारीक पॉलिश चालते, पण थोडक्यात आटोपावे, कारण आपण थेट रंगच घासत असतो.

आणि टपावर किंवा बॉनेटवर दुधी, खवल्यांसारखे चट्टे असतील, त्यांची कड नखाला लागत असेल, तर क्लिअर कोट उन्हाने मेला आहे. त्याला पॉलिश हा उपाय नाही. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपावर हे आपल्याकडे नेहमी दिसते. तो भाग नव्याने रंगवावा लागतो. कोणी पॉलिशने घालवून देतो म्हणाले तर पैसे खिशात ठेवावेत.

मॅट रंगाच्या गाडीला यातले काहीही लावू नये. रंगावर संरक्षक फिल्म चिकटवलेली असेल तर धुरकटपणा फिल्मचा असू शकतो. ती बसवणाऱ्यालाच विचारावे.

४. हात फिरवून पाहा. खरखर असेल तरच क्ले

पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून बोटे फिरवा. पिशवीमुळे स्पर्श अधिक तीव्र होतो. गुळगुळीत लागले तर क्ले बार उघडूही नका, कारण गडद रंगावर क्ले स्वतःच बारीक चरे पाडतो. खरखर लागली तर शॅम्पूचे पाणी भरपूर फवारून क्लेचा छोटा, चपटा तुकडा वजन न देता सरळ रेषेत फिरवावा आणि मळला की आतली बाजू बाहेर घ्यावी. खाली पडलेला तुकडा थेट कचऱ्यात टाकावा. त्यात अडकलेला एक जांभ्याचा कण सगळे काम उलटवतो.

५. कडा झाका

काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर पॉलिश लागले की पांढरे डाग पडतात आणि सहजी जात नाहीत. त्यांच्यावर मास्किंग टेप लावा. पत्र्याच्या धारदार कडा, बॉनेटवरच्या उठावाच्या रेषा आणि दारांच्या कोपऱ्यांवरही लावा. अशा उंचवट्यांवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो आणि हाताचा दाब नेमका तिथेच एकवटतो. काम संपताच टेप काढावी. उन्हात राहिली तर तिचा गोंद पत्र्यावर उतरतो.

६. एका लहान चौकोनावर प्रयोग करा

बॉनेटच्या मधोमध टेपने साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन आखा. सगळे प्रयोग या चौकोनात. मऊ फोम, बारीक पॉलिश, हलका हात, या सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करावी. काम झाल्यावर अल्कोहोलने पुसून, टेप काढून, आतला आणि बाहेरचा भाग उन्हात शेजारी शेजारी पाहावा. चौकोन काळा आणि भोवतालचा भाग करडा दिसला की कृती जमली. फरक अर्धवट असेल तर आणखी एक फेरी करावी. फोम बदलून मायक्रोफायबरचे ॲप्लिकेटर घेण्याचा मोह होतो. ते चरे लवकर कापते हे खरे, पण मऊ गडद रंगावर तेच पुन्हा धुरकटपणा आणते, त्यामुळे त्यानंतर फोमची फेरी करावीच लागते.

या टप्प्यावर कोणीतरी २००० नंबरचा वॉटर पेपर सुचवतो. यंत्र हाताशी नसताना तो गाडीला लावणे म्हणजे धुरकटपणा काढण्यासाठी त्याहून मोठा धुरकटपणा विकत घेणे आहे. टूथपेस्ट, रॉकेल आणि खोबरेल तेल हेही तसेच वर्ज्य. खोबरेल तेलाने गाडी संध्याकाळपर्यंत सुंदर दिसते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर अख्ख्या वाड्यावरची धूळ बसते.

७. प्रत्यक्ष पॉलिश

ॲप्लिकेटरचा पृष्ठभाग आधी पॉलिशने किंचित ओला करून घ्या. कोरडा फोम कधीही पत्र्याला लावू नये. मग त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या आणि न दाबता चौकोनभर पसरा.

आता हात. बोटांची टोके नव्हे, पूर्ण पंजा ॲप्लिकेटरवर सपाट ठेवायचा. बोटे जुळलेली, मनगट सैल, हालचाल खांद्यातून. ॲप्लिकेटरच्या पाठीवर फोमचाच जाड ठोकळा असेल तर उत्तम, म्हणजे दाब आपोआप सारखा वाटला जातो. मी नंतर असाच ठोकळा वापरला आणि चार पट्ट्यांची आकृती पुन्हा उमटली नाही.

गोल गोल फिरवण्याची सवय मोडावी लागते. गोल चरे कुठल्याही दिशेच्या प्रकाशात चमकतात; सरळ चरे उरलेच तर ते एकाच कोनातून दिसतात. म्हणून प्रथम गाडीच्या लांबीच्या दिशेने, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढेल अशा बेताने, पंधरा-वीस फेऱ्या. मग त्याच चौकोनात आडव्या दिशेने तेवढ्याच. दाब मध्यम, साधारण चपाती लाटताना लाटण्यावर असतो तेवढा. पॉलिशचा थर पातळ आणि जवळजवळ पारदर्शक होऊ लागला की शेवटच्या दहा फेऱ्या पुन्हा लांबीच्या दिशेने, हाताचे नुसते वजन ठेवून. या शेवटच्या हलक्या फेऱ्या टाळल्यामुळेच बहुतेकांचा धुरकटपणा उरतो. हात भरून आलेला असतो, काम झाल्यासारखे वाटते आणि माणूस थांबतो. रंगावर शेवटी जे चरे राहतात ते शेवटच्या फेऱ्यांचेच, म्हणून त्या सर्वांत मऊ असायला हव्यात.

पॉलिश वाळून पांढरे पडण्याआधी पुसा. वाळलेले पॉलिश रगडून काढावे लागते, आणि रगडणे म्हणजे पुन्हा चरे. पुसताना फडके चौपदरी घडी करून धरले तर आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका चौकोनाला एक बाजू पुरे. ॲप्लिकेटरही दर तीन-चार चौकोनांनंतर बदलावे किंवा धुऊन पिळून घ्यावे, कारण फोममध्ये साठलेला वाळका लगदा खडूसारखा घासतो.

एका बॉनेटला या पद्धतीने मला अडीच तास लागले. पूर्ण गाडी एका दिवसात उरकण्याचा हट्ट करू नये. मी रोज एक भाग असे करत आठवडाभर घेतला आणि दमलेल्या हाताने केलेले मागचे डावे दार मला पुन्हा करावे लागले.

८. पुन्हा पुसा आणि उन्हात पाहा

पॉलिशमधले तेल चरे झाकते. म्हणून प्रत्येक भाग झाल्यावर अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसूनच निर्णय घ्यावा. सकाळी आठ-नऊचे किंवा संध्याकाळी पाचचे तिरपे ऊन सर्वांत प्रामाणिक परीक्षक आहे. गाडी उन्हात फार वेळ ठेवायची नाही. दोन मिनिटे पाहून पुन्हा सावलीत.

एका जागी दोन फेऱ्या झाल्या आणि फरक थांबला, तर तिसरी करू नका. क्लिअर कोट दर वेळी थोडा झिजतो आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. अशा जागेसाठी यंत्र हवे, तेही डबल ॲक्शन पॉलिशर. त्याचे पॅड फिरता फिरता डोलते, त्यामुळे एका रेषेत घासत नाही. नुसते गोल फिरणारे रोटरी यंत्र नवख्या हातात उन्हात इंद्रधनुष्यासारख्या फिरत्या सावल्या सोडते.

गाडी बाहेर द्यायचीच असेल तर दोन प्रश्न आधी विचारावेत. रंगाची जाडी मोजण्याचे मीटर तुमच्याकडे आहे का, आणि वॅक्स किंवा कोटिंग लावण्यापूर्वी पुसलेला पत्रा मला उन्हात दाखवाल का. मी एका ठिकाणी हा दुसरा प्रश्न न विचारता पैसे दिले होते. ग्लेझने झाकलेली चमक तीन धुण्यांत उतरली. विशेषतः सिरॅमिक कोटिंग करून घेणार असाल तर हा आग्रह धराच. धुरकट रंगावर कोटिंग चढले की तो धुरकटपणा आत बंद होतो आणि काढायला कोटिंगच घासून काढावे लागते.

९. संरक्षक थर

आता वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि गडद रंगाला ओलसर, खोल झाक देते. कृत्रिम सिलंटची झाक थोडी कोरडी, पण ते अधिक टिकते. आपल्या पावसाचा विचार करता मी मे महिन्याच्या अखेरीस सिलंट लावतो आणि चवथीला हौस म्हणून वर वॅक्सचा हात देतो.

थर इतका पातळ असावा की लावला आहे की नाही, अशी शंका यावी. डब्यावर दहा मिनिटांत पुसा असे लिहिलेले असले तरी आपल्या दमट हवेत, विशेषतः श्रावणात, त्याला दुप्पट वेळ लागू शकतो. घड्याळाऐवजी बोट वापरावे. बोट ओढल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायची वेळ झाली. बोटामागे तेलकट फराटा राहिला तर थांबा. अर्धवट वाळलेले वॅक्स पुसले की तोच तेलकट पापुद्रा तयार होतो आणि आपण तिसऱ्या पायरीवरच्या पहिल्या प्रकारात जाऊन पोहोचतो.

१०. पुढची काळजी

कोरड्या गाडीवर फडके मारणे बंद करावे. सकाळी निघताना झटकण्याने धूळ उडवण्याची सवय गडद रंगाची सर्वांत मोठी शत्रू आहे. पक्ष्यांची विष्ठा, काजूच्या बोंडांचा रस आणि आंब्याचा चीक त्याच दिवशी पाण्याने भिजवून उचलावा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बॉनेटवरचा झेंडूचा हार आणि पिंजर संध्याकाळपर्यंत काढून पाणी मारावे. ओल्या पाकळ्यांचा डाग दोन दिवस उन्हात राहिला तर रंगात मुरतो. मायक्रोफायबर फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारे द्रव लावू नये, कारण त्याचा मेणचट थर लवेवर बसतो आणि फडके पुसण्याऐवजी माखू लागते.

माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या वरच्या कडेला, चार बोटांएवढा एक धुरकट पट्टा अजून आहे. पहिल्या वर्षी कंपाउंडने मी तिथे सर्वांत जास्त जोर काढला होता आणि कड असल्यामुळे रंग आधीच पातळ आहे. त्या पेंटरने बोट फिरवून पाहिले आणि हात मागे घेतला. तेव्हापासून तिथे मी फक्त वॅक्स लावतो.